गॅसबत्ती आधी वाचा, मग घासा

जुन्या बाजारातून गॅसबत्ती घरी आली की बहुतेकांचा हात पहिल्यांदा चिंचेकडे जातो. तासाभरात टाकी लखलखते, घरचे खूश होतात, फोटो निघतात. तेवढ्यात त्या बत्तीचं वय, गाव आणि कारखाना सांगणाऱ्या निम्म्या खुणा मोरीतून वाहून गेलेल्या असतात. झिजलेली अक्षरं आणखी झिजतात, निकेलचा पातळ मुलामा उडतो, कुण्या दुकानदाराने चिकटवलेल्या लेबलाचा उरलासुरला कोपरा भिजून निघून जातो. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. बत्ती चालते कशी ते आधी समजून घ्यायचं, मग ती वाचायची, मग उघडायची. घासणं सगळ्यात शेवटी, आणि माझं विचाराल तर पुष्कळदा नाहीच.

आपल्याकडे ही बत्ती लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवली, तमाशाच्या कनातीत बांबूला टांगली गेली, कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला शेताच्या बांधावर आली. तिला सरसकट ‘पेट्रोमॅक्स’ म्हणायची सवय लागली. पण विकत घेताना एवढं ध्यानात ठेवावं, की पेट्रोमॅक्स हे एका जर्मन कारखान्याच्या मालाचं नाव आहे आणि त्या घाटाच्या बत्त्या निम्म्या जगाने बनवल्या. विकणारा पेट्रोमॅक्स म्हणाला म्हणजे ती पेट्रोमॅक्स असेलच असं नाही.

चालते कशी

पंपाचा स्टोव्ह पेटवलेल्या माणसाला निम्मी गॅसबत्ती आधीच ठाऊक असते. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२ च्या सुमारास बिनवातीचा, काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह केला. तोच पुढे ‘प्राइमस’ या नावाने जगभर गेला. त्यातली युक्ती अशी, की रॉकेल पातळ असताना जाळायचंच नाही. आधी तापवून त्याची वाफ करायची, ती बारीक छिद्रातून जोराने सोडायची, तिने जाता जाता हवा ओढून घ्यायची आणि मग ते मिश्रण जाळायचं. कंदिलाची ज्योत पिवळी दिसते ती न जळलेल्या कार्बनच्या तापलेल्या कणांमुळे. रॉकेल नीट जळलं की ज्योत निळी होते. निळी ज्योत चहा उकळायला उत्तम, पण तिच्या उजेडात पेपरातला मथळासुद्धा वाचवणार नाही.

गॅसबत्तीत त्या निळ्या ज्योतीभोवती मेंटल, म्हणजे तापून उजेड देणारी जाळीची पिशवी, बांधलेलं असतं. टाकीत पाऊण भाग रॉकेल, वर पंपाने कोंबलेली हवा. हवेच्या दाबाने रॉकेल उभ्या नळीतून वर चढतं. ही नळी पेटलेल्या मेंटलच्या अगदी शेजारून जाते, त्यामुळे वर पोचेपर्यंत रॉकेलची वाफ झालेली असते. नळीच्या टोकाला निप्पल असतं. त्याच्या केसाएवढ्या छिद्रातून वाफ सुसाट वर सुटते, भोवतालची हवा ओढून घेते, टोपीखालच्या वाकड्या नळीत दोन्ही मिसळतात आणि वळसा घेऊन खाली चिनी मातीच्या नोझलमधून मेंटलमध्ये उतरतात. तिथे जळतात. मेंटलची धग पुन्हा नळीला तापवते आणि चक्र चालू राहतं. बत्तीचा तो एकसुरी ‘सूं’ आवाज निप्पलमधून सुटणाऱ्या वाफेचा.

अडचण फक्त सुरुवातीची. मेंटल पेटल्याशिवाय नळी तापत नाही, आणि नळी तापल्याशिवाय मेंटल पेटत नाही. म्हणून नळीभोवती एक छोटी वाटी असते, तीत स्पिरिट ओतून पेटवायचं. स्पिरिट पुरतं जळायच्या आत घाईने हवा मारली तर वाफेऐवजी कच्चं रॉकेल वर येतं आणि बत्ती भडकते. वरातीत डोक्यावर भडकलेल्या बत्त्यांचे किस्से गावोगावी आहेत, त्यातल्या बहुतेकांचं मूळ या घाईत असतं.

आता मेंटल. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पहिल्या मेंटलचा उजेड हिरवट होता, लोकांना तो आवडला नाही आणि धंदा बसला. १८९१ मध्ये त्याने घटक बदलले: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड. उजेड पांढरा झाला आणि तेच प्रमाण पुढे पिढ्यान् पिढ्या टिकलं. त्या एका टक्क्यात सगळी गंमत आहे. थोरियम ऑक्साइड तीन हजार अंश सेल्सिअसच्याही वर गेल्याशिवाय वितळत नाही आणि तापल्यावर उष्णता फारशी बाहेर फेकत नाही, म्हणून जाळी भयंकर तापते. सेरियम मात्र तेवढ्या तापमानाला डोळ्यांना दिसणारा उजेड भरपूर देतो. सेरियम वाढवला तर जाळी स्वतःच थंड पडू लागते आणि उजेड कमी होतो. बाजारात मिळणारं मऊ मेंटल म्हणजे या धातूंच्या क्षारात भिजवलेलं कापड. पहिल्यांदा पेटवलं की कापड जळून जातं आणि मागे ऑक्साइडची नुसती राख, पण आकार धरून उभी. बोट लागलं की गेली.

हा थोरियम मोनाझाइट नावाच्या खनिजातून काढतात, आणि इथे आपल्या देशाचा थेट संबंध येतो. १९०९ मध्ये शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला केरळातून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइटचे कण आढळले. त्या मागावरून त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची काळी वाळू जगाला कळली आणि त्याच किनाऱ्यावरच्या मनवलकुरिचीला ती गोळा करायचं काम सुरू झालं. आज थोरियम म्हटलं की अणुभट्ट्या आठवतात. त्या वाळूला पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते मेंटलवाल्यांचं.

थोरियम किरणोत्सारी आहे हेही सांगायला हवं. अखंड मेंटल हातात धरल्याने काही होत नाही, पण त्याची राख किंवा धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. नवं मेंटल पहिल्यांदा पेटवायचं ते अंगणात. फुटलेल्या मेंटलची राख फुंकून उडवायची नाही, ओल्या कागदाने टिपून घ्यायची आणि हात धुवायचे. अलीकडच्या बऱ्याच परदेशी मेंटलांत थोरियमऐवजी इट्रियम असतं. जुन्या पाकिटात काय आहे याचा भरवसा नसतो, म्हणून ते थोरियमच धरून चालावं.

उजेड किती? ‘५०० कँडलपॉवर’ हा छापील आकडा ऐकून लोक ५०० वॅटचा बल्ब डोळ्यांपुढे आणतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी १९८० च्या दशकात याच तत्त्वावर ‘नूरी’ नावाची सुधारलेली बत्ती तयार केली. तिचा उजेड साधारण शंभर वॅटच्या जुन्या बल्बाएवढा होता. चांगल्या गॅसबत्तीकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी. विजेचा पत्ता नसलेल्या गावात तेवढा उजेड म्हणजे रात्रीचा दिवस होता, यात शंका नाही.

वाचायची कशी

पहिला प्रश्न कारखान्याचा नाही, इंधनाचा. बत्ती रॉकेलची की पेट्रोलची? अमेरिकेतल्या विचिटा शहरातल्या कोलमन कंपनीच्या बऱ्याच बत्त्या साफ केलेल्या पेट्रोलवर चालतात. त्यांत स्पिरिटची वाटी नसते, कारण पेट्रोलची वाफ सहज होते. जर्मन, स्वीडिश आणि इंग्लिश बत्त्या मुख्यतः रॉकेलच्या. त्यांत स्पिरिटची वाटी असते, किंवा टाकीतून वर आलेली, ज्योतीने वाफेची नळी तापवणारी छोटी भडका-नळी असते, नाहीतर इंग्लंडच्या टिलीप्रमाणे स्पिरिटमध्ये भिजवून नळीला लावायचा चिमटा असतो. कोलमननेही रॉकेलच्या बत्त्या केल्या, त्यांना वाटी आहे. वाटी दिसली नाही तर थांबा आणि नीट शोध घ्या. रॉकेलच्या बत्तीत पेट्रोल घालणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण, त्यावर चर्चा नको.

मग अक्षरं शोधायची. टाकीची बाजू, बूड, पंपाची मूठ, निप्पल साफ करणाऱ्या पिनचं चाक, दाबाचं घड्याळ, टोपीची कड, काच या सगळ्या जागा बघायच्या. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरला की झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या पडतात. तरीही वाचवत नसेल तर पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरवायची. मळ काढायचाच असेल तर कोमट पाणी, साबणाचा थेंब आणि सुती फडकं, बस.

पेट्रोमॅक्सचा जन्म बर्लिनमधल्या एहरिश उंड ग्रेट्झ कारखान्यातला, १९१० च्या सुमाराचा. नाव पेट्रोलियम आणि मालक माक्स ग्रेट्झ यांच्यावरून जुळवलेलं. टाकीवर कारखान्याचं पूर्ण नाव किंवा बर्लिन असेल तर बत्ती दुसऱ्या महायुद्धाआधीची असण्याची शक्यता मोठी. युद्धानंतर बर्लिनचा कारखाना रशियनांच्या ताब्यातल्या भागात गेला आणि ग्रेट्झ मंडळींनी पश्चिमेला आल्टेना गावात नव्याने बस्तान बसवलं. ‘मेड इन जर्मनी’ या शिक्क्याचीही मदत होते. परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावणारा ब्रिटिश कायदा १८८७ चा, त्यामुळे नुसतं जर्मनी हे फार जुनंही असू शकतं. ‘वेस्टर्न जर्मनी’ किंवा ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर मात्र ती बत्ती युद्धाआधीची नक्की नाही, विकणारा तिला ‘शंभर वर्षं जुनी’ म्हणत असला तरी.

आकड्यांपुढची अक्षरंही बोलतात. ‘सीपी’ म्हणजे कँडलपॉवर, इंग्रजी बोलणाऱ्या मुलुखांसाठीचा माल. ‘एचके’ म्हणजे हेफ्नर मेणबत्ती, जर्मनीत चालणारं उजेडाचं जुनं माप. ते उजेडाच्या आजच्या मापाच्या, म्हणजे कँडेलाच्या, नऊ दशांशाच्या आसपास भरतं. पण या अक्षरांवरून थेट वय काढू नका. माप मोडीत निघालं तरी ‘एचके ५००’ हे नाव आजच्या नव्याकोऱ्या पेट्रोमॅक्सवरही आहे. ‘८२९’ हा ५०० कँडलपॉवरच्या पेट्रोमॅक्सचा प्रसिद्ध नमुना क्रमांक, आणि नक्कल करणाऱ्यांनी आकारासकट आकड्यांचीही नक्कल केली.

मुलामा हा माझा सगळ्यात आवडता पुरावा. क्रोमचा मुलामा बाजारात रुळला तो १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर. त्याआधीच्या बत्त्या नुसत्या पितळेच्या किंवा निकेल चढवलेल्या. निकेलची चमक किंचित पिवळसर, उबदार असते आणि जुनी झाली की मंद पडते. क्रोम निळसर, थंड दिसतं आणि सहसा मंद होत नाही, खराब झालंच तर त्याचे पोपडे निघतात. दोन्हींजवळ पांढरा कागद धरून दिवसाच्या उजेडात बघा, फरक लगेच कळतो. आता निकेलवर चिंच आणि रांगोळी चालवली तर काय होईल? मुलामा जाऊन खालचं पितळ उघडं पडेल, आणि पुढच्या माणसाला ती बत्ती मुळातच पितळी होती असं वाटेल. बाजारात झळकणाऱ्या कितीतरी ‘अस्सल पितळी’ बत्त्या अशाच सोललेल्या निकेलच्या आहेत.

फार जुन्या बत्तीच्या आणखी दोन खुणा: मेंटल उलटं लोंबण्याऐवजी उभं असणं, आणि टाकीत पंपच नसणं. कोलमनच्या सुरुवातीच्या बत्त्यांना सायकलच्या पंपासारखा सुटा पंप लागायचा. तो हरवलेला असतो, आणि मग ‘पंप तुटलाय’ म्हणून बत्ती स्वस्तात मिळते. अशी दिसली तर भाव करत बसू नका.

प्राइमसने मात्र अभ्यासकांवर उपकार केले आहेत. १९११ पासून टाकीवर वर्षाचं अक्षर ठोकायची पद्धत त्यांनी ठेवली, ‘ए’ म्हणजे १९११, ‘बी’ म्हणजे १९१२ आणि पुढे. कोलमनने नंतरच्या काळात बुडावर महिना आणि वर्षाचे आकडे ठोकले. जर्मन कारखान्यांनी एवढा नेमकेपणा का दाखवला नाही, कुणास ठाऊक.

काचेवर मात्र सगळ्यात कमी विश्वास ठेवा. ‘येना’ची छाप असलेली जर्मन काच छान दिसते, मन मोहरतं, पण काच हा बत्तीतला सगळ्यात आधी फुटणारा भाग. दुरुस्तीची परंपरा जितकी चांगली, तितकी बत्ती मिसळलेली. माझ्या टेबलावर आत्ता एक आहे. टाकी जर्मन, बर्लिनची अक्षरं अर्धी झिजलेली. टोपी पातळ पत्र्याची, कडेला कात्रीने कापल्याचे दाते, वर रंगाचे दोन थर. नोझल नवं. पिनच्या चाकाच्या जागी स्टोव्हची चावी घासून बसवली आहे, आणि ती इतकी फिट बसली आहे, की करणाऱ्याला मानलं. हिला अस्सल म्हणायचं की नाही? संग्राहक नाक मुरडतील. मला ती चावी टाकीइतकीच मोलाची वाटते. १९३९ नंतर जर्मन माल यायचा बंद झाला तेव्हा गावोगावच्या कारागिरांनी याच रीतीने बत्त्या जिवंत ठेवल्या असणार. ओळख लिहिताना टाकीला प्रमाण मानावं आणि बाकीच्या भागांची नोंद वेगळी करावी, एवढंच.

उघडण्याआधी टाकी

पितळेला एक दुखणं आहे आणि त्याचा इतिहास भारतातला आहे. इंग्रजांच्या फौजेतल्या काडतुसांची पितळी कवचं इथल्या पावसाळ्यात आपोआप तडकायची. ती तबेल्यांत साठवलेली असत. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण मांडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ठोकून घडवलेल्या पितळेत राहिलेला ताण, असे तिघे एकत्र आले की पितळ चिरतं. बत्तीची टाकीसुद्धा दाबून, ओढून घडवलेली असते. वर्षानुवर्षं गोठ्यात टांगलेल्या बत्तीला तोच अमोनिया मिळतो. म्हणून टाकीचं तोंड, बुडाची कड आणि पंपाची जागा भिंगाने बघायची. केसासारखी काळी रेघ दिसली आणि नखाला लागली, तर ती बत्ती शोभेची. तिला दाब द्यायचा नाही. याच कारणासाठी अमोनिया असलेलं धातूचं पॉलिश टाकीला लावू नये, बाटलीवर घटक वाचून घ्यावेत.

आतला डिंक, म्हणजे जुन्या रॉकेलचा चिकट थर, ताज्या रॉकेलने दोन-तीनदा विसळून बराचसा निघतो. हिरवा कळंक आणि गंज हट्टी असेल तर लिंबूसत्त्व कोमट पाण्यात पातळ करून थोडा वेळ ठेवायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. रात्रभर ठेवू नका. आम्लात पितळेतला जस्ताचा अंश निघून जातो आणि पृष्ठभाग गुलाबी होतो. गुलाबी झालेलं पितळ म्हणजे तांब्याचा पोकळ थर, तो घासून जातो पण अंग गेलेलंच असतं.

मग गळतीची परीक्षा. रॉकेल नको, आग नको. सगळी तोंडं बंद करून पंपाचे थोडेच दट्टे द्यायचे आणि टाकी पाण्याच्या बादलीत बुडवायची. बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. तोंडाच्या झाकणातून आले तर वॉशर बदला. डाखाच्या सांध्यातून आले तर तांबटाकडे जा. त्याला टाकीत कधीकाळी रॉकेल होतं हे सांगा, आणि डाख लावताना टाकी गळतीच्या जागेच्या जरा खालपर्यंत पाण्याने भरून ठेवायला लावा. वरून रिकामी दिसणारी रॉकेलची टाकी आतून वाफेने भरलेली असते, आणि तिला ज्योत दाखवल्याने अपघात झालेले आहेत.

पंप, निप्पल आणि बाकी

बत्तीची बहुतेक रडगाणी पंपात असतात. दट्ट्याच्या टोकाला चामड्याचा वाटीसारखा वॉशर असतो. तो वाळून आक्रसला की हवा बाजूने निसटते आणि कितीही मारा, दाब चढत नाही. फेकू नका. मशीनच्या तेलात भिजत ठेवा, मऊ झाला की बोटांनी कडा उघडा आणि परत बसवा. बरेचदा तेवढ्यावर भागतं. पंपाच्या तळाशी एकमार्गी व्हॉल्व्ह असतो, हवा आत जाऊ देणारा, रॉकेल बाहेर येऊ न देणारा. पंपाची मूठ आपोआप वर येऊ लागली किंवा पंपात रॉकेल दिसलं तर दोष याच व्हॉल्व्हच्या बुचात. इथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवायचा मोह सगळ्यांना होतो. नैसर्गिक रबर रॉकेलमध्ये फुगतं आणि आठवड्याभरात कामातून जातं. नायट्राइल रबराचं बूच घ्या, गॅस आणि स्टोव्हची दुरुस्ती करणाऱ्यांकडे विचारलं तर मिळतं.

वाफेच्या नळीत कोळसा साचतो. ती काढताना जबरदस्ती करू नये, कारण जुनं पितळ पिळवटतं आणि आटे जातात. सांध्यावर रॉकेलचे थेंब सोडून रात्रभर ठेवायचं, मग बरोबर मापाचा पाना. पक्कडीने पकडलं की षटकोनाचे कोपरे गोल होतात आणि पुढच्या माणसाची शिवी पक्की. या सांध्यात शिशाचे वॉशर असतील तर ते एकदाच दाबले जातात, उघडल्यावर नवे घालावे. आणखी एक जपायची गोष्ट: जुन्या बत्तीत कुठे पांढरट, तंतुमय भरण किंवा गादी दिसली तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. कोरडी खरवडू नका, ओली करून काढा आणि पिशवीत बंद करा.

निप्पलचं छिद्र साफ करायला सुई, टाचणी, तार असलं काही घालायचं नाही. छिद्र किंचित मोठं झालं तरी रॉकेलचं आणि हवेचं प्रमाण बिघडतं, मेंटलवर काजळी धरते, उजेड तांबूस पडतो. त्यासाठी बत्तीत आतूनच पिन असते. चाक फिरवलं की ती छिद्रातून वर येते आणि कचरा ढकलते. पिन वाकडी असेल तर नवी आणावी, आणि ती छिद्राच्या मध्यात येते की नाही ते भिंगातून बघूनच टोपी बसवावी. हे काम वेळखाऊ आहे, पण नव्या निप्पलपेक्षा पिनचा मध्य जुळवणं बत्तीला जास्त उपकारक ठरतं, हा अनुभव कुठलाही जुना बत्तीवाला सांगेल.

पेटवायची वेळ आली की जागा उघडी हवी. बंद खोलीत बत्ती लावली तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, आणि शेजारी पाण्याऐवजी वाळूची बादली हवी. मेंटल नोझलच्या गळ्याला सारख्या चुण्या पाडून बांधायचं, एकीकडे झोळ राहिला तर तिथेच फाटतं. हवेचा, म्हणजे टाकीतला दाब सोडायचा, स्क्रू सैल ठेवून वाटीत स्पिरिट भरायचं आणि पेटवायचं. कापड जळून मेंटल पांढरं होतं. स्पिरिट संपत आलं की स्क्रू घट्ट करायचा आणि हळूहळू हवा मारायची. पहिल्या काही दट्ट्यांना मेंटल फुगून आकार धरतं, मग उजेड येतो. दाबाच्या घड्याळावरची लाल रेघ ही हद्द. ती ओलांडून उजेड वाढत नाही, धोका वाढतो. ज्योत टोपीबाहेर आली तर विचार न करता हवेचा स्क्रू सोडायचा. विझवायची तीच रीत. नीट चाललेली ५०० ची बत्ती लिटरभर रॉकेलवर सात-आठ तास सहज जळते.

आणि घासणं? पितळ उघडंच असेल, निकेलचा मागमूस नसेल, अक्षरं खोल असतील, तर मऊ फडक्याने हलकं उजळायला हरकत नाही. अक्षरांवर बोट फिरवायचं नाही. शोभेसाठी आत एलईडी बसवणाऱ्यांशीही माझं भांडण नाही. फक्त वायर घालायला टाकीला भोक पाडू नका, काचेच्या बाजूने नेता येते.

काढून टाकलेले भाग, म्हणजे वाळका वॉशर, वाकडी पिन, फुटक्या नोझलचे तुकडे, एका जाड पिशवीत घालून बत्तीला बांधून ठेवावे. सोबत चिठ्ठी: काय काढलं, काय नवं घातलं, कुठल्या साली, आणि टाकीवरची अक्षरं जशी दिसली तशी. चिठ्ठी शिसपेन्सिलने लिहा, शाई रॉकेलने पसरते.